मेलबर्नला निघालेला खरवस

माझ्या आत्याइतका दुधावर विश्वास असलेला माणूस पोलादपूर तालुक्यात दुसरा नाही, आणि तालुक्याबाहेर असायचं काही कारण नाही. देवाला ती मानते, पण देवाशी तिचं बोलणं नैवेद्यापुरतं. डॉक्टरला मानते, पण त्यानं गोळ्या ताकाबरोबर घ्या म्हटलं तरच. ताप आला की ताक, खोकला झाला की तूप, आणि भांडण झालं की लोणी, असा तिचा दवाखाना. शेवटचं औषध ती स्वतः घरपोच न्यायची. आमच्या वाडीत दोन सख्खे भाऊ बांधावरून एकमेकांचं तोंड बघेनासे झाले, तेव्हा ती पानावर लोण्याचा गोळा घेऊन आधी एकाच्या ओटीवर जाऊन बसली आणि मग दुसऱ्याच्या. दोघांनी तो संपवेपर्यंत उठली नाही. बांध होता तिथंच राहिला, पण भाऊ एकमेकांशी बोलायला लागले, निदान आत्याबद्दल तरी.

माझी आई मी लहान असताना गेली. वडील मुंबईला वॉचमन, ते गणपतीला आणि शिमग्याला दिसायचे. आत्या नवरा गेल्यावर बिरवाडीहून एक गाय आणि एक ट्रंक घेऊन कापड्याला माहेरी परत आली होती, तिनंच मला वाढवलं. मी आठवीत नापास झालो तेव्हा सगळी वाडी मला काहीतरी सांगून गेली. आत्यानं वाटीभर दही-साखर पुढं ठेवली. मी म्हटलं, "आत्या, हे परीक्षेच्या आधी द्यायचं असतं." ती म्हणाली, "आधी द्यायचं राहिलं, त्याचंच हे झालं," आणि शाळेचा विषय तिथं कायमचा संपला. माझ्या नापासाची चूक स्वतःकडे घेणारं ते एकच माणूस मला भेटलं. पुढं मी दोन देशांत कितीतरी चुका केल्या, पण तशी सोय पुन्हा झाली नाही.

ती रोज पहिल्या एसटीनं दुधाची किटली घेऊन महाडला जायची. किटली खाली ठेवायची नाही, खाली पाय लागतात. तिला खिडकीजवळची जागा आणि आत्या कडेला. एकदा नवीन कंडक्टर आला. तो म्हणाला, "मावशी, किटली खाली ठेवा, माणसं उभी हायत." आत्यानं पदराच्या गाठीतून दोन तिकिटं काढून दाखवली, एक पूर्ण आणि एक अर्धं. "ही अजून लहान हाय," ती किटलीवर हात ठेवून म्हणाली. कंडक्टरनं पुढं पोलादपूरपासून महाडपर्यंत तिकडं पाहिलं नाही. महाडच्या स्टँडजवळ एक चहा-भजीचं हॉटेल होतं, तिथं ती दूध घालायची. नापास झाल्याच्या आठवड्यात तिनं मलाही त्याच गाडीनं तिकडं नेलं. मालकाला म्हणाली, "हा शाळेत नापास हाय, पण हाताचा साफ हाय. दूध उतू जाऊ देणार नाय." मालकानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्टोव्हजवळ उभं केलं. मला आयुष्यात मिळालेलं प्रमाणपत्र ते एवढंच. त्याच्यावर मी महाडहून मुंबईच्या कॅन्टीनला आलो आणि कॅन्टीनमधून मेलबर्नच्या एका भारतीय हॉटेलात. इथं सात वर्षं झाली. दूध अजून उतू गेलेलं नाही. रोज जाईल असं वाटतं, पण गेलेलं नाही.

आता आत्याच्या एका नियमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यामुळे झाला. गाय व्याली की पहिल्या दिवसाच्या चिकाचा खरवस करायचा. देवाचा तुकडा काढायचा आणि मग घरच्या प्रत्येक माणसाचा. घरचं माणूस लांब असेल तर त्याचा वाटा त्याच्यापर्यंत न्यायचा. आणि खरवसाचं भांडं घेऊन माणूस निघालं की वाटेत कुणी कितीही विचारलं तरी आत काय आहे ते सांगायचं नाही. ज्याचा वाटा त्याच्या उंबरठ्यावर पोचल्यावरच नाव घ्यायचं आणि झाकण काढायचं. आधी नाव घेतलं तर गाय आटते. आमच्या वाडीत सगळेच हे पाळतात. कुणी भांडं झाकून चाललं आणि कुणी विचारलं, "काय गो भांड्यात?" तर उत्तर ठरलेलं, "काय नाय." लहानपणी मी एकदा आत्याला म्हटलं होतं की हे खोटं बोलणं झालं. ती म्हणाली, "खोटं कसं रे बाबू? ते झाकण हाय. भांड्याला एक आणि तोंडाला एक." दुसरा नियम असा की भांडं परत देताना रिकामं द्यायचं नाही, मूठभर तांदूळ तरी घालायचे.

मी इकडं आल्यावर पहिल्या पाच वर्षांत आत्याची गाय चंद्री चारदा व्याली. चारही वेळा आत्यानं माझा वाटा वेगळा काढला, उंबरठ्यावर ठेवला, आणि वाडीत पहिला जो कुणी येईल त्याला माझ्या नावानं खायला घातला. मग मला फोन. "तुझा वाटा यंदा पोस्टमननं खाल्ला." एकदा वीज मंडळाच्या माणसानं खाल्ला, तो मीटर बघायला आला होता. एकदा निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका बाईंनी खाल्ला. त्या पडल्या, ते आत्यानं मनाला लावून घेतलं. मी फोनवर म्हणायचो, पोचला आत्या, गोड होता. ती म्हणायची, "गप रे."

गेल्या वर्षी मी तिला तीन आठवड्यांसाठी इकडं बोलावलं. विमानाचं तिकीट, व्हिसा, माझं हमीपत्र, सगळे कागद मी जीव मुठीत धरून केले. इथं कायम राहण्यासाठी केलेला माझा अर्जही त्याच महिन्यात तपासला जात होता, त्यामुळे सायरन ऐकू आला तरी मला तो माझ्यासाठीच वाटायचा. या देशात खाण्याच्या वस्तूंबद्दल फार कडक नियम आहेत. विमानात एक कार्ड भरून द्यावं लागतं. दूध, दही, तूप, मांस, बी-बियाणं, जे असेल ते त्यावर लिहायचं. लिहिलं तर फार तर वस्तू काढून घेतात. लिहिलं नाही आणि सापडलं तर दंड, आणि पाहुण्याला तिथूनच परत पाठवू शकतात. हे मी आत्याला महिनाभर रोज फोनवर सांगितलं. "दुधाचं काय पण आणायचं नाय." ती रोज म्हणायची, "नाय आणत." मला बरं वाटायचं. निघायच्या आदल्या दिवशी फोन केला तर मागं कुणीतरी गडबडीनं चुलीवर पातेलं चढवल्याचा आवाज आला. मी विचारलं, "काय चाललंय?" ती म्हणाली, "काय नाय."

मी फोन ठेवला आणि कामाला लागलो. तो शब्द मला लागला तो तिसऱ्या दिवशी सकाळी, विमानतळावर. तिचं विमान उतरल्याची पाटी लागली होती. मी तिच्यासाठी आणलेलं जाड जाकीट हातात धरून बाहेर उभा होतो, आणि सहज मनाशी हिशेब केला की चंद्रीचे दिवस भरले कधी. मग मी खाली बसलो. बसायला जागा नव्हती, तरी बसलो.

आत काय घडलं ते मला नंतर आत्याकडून कळलं. चंद्री निघायच्या आदल्या पहाटे व्याली. सहा वर्षांत पहिल्यांदा आत्या स्वतःच माझ्याकडे निघाली होती आणि नेमकी त्याच वेळी चंद्री व्याली, त्यामुळे नेऊ की नको हा प्रश्नच आला नाही. गूळ घालून उकडलेला खरवस स्टीलच्या डब्यात, डबा ओल्या फडक्यात आणि फडकं पिशवीत. मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या माणसानं विचारलं, "मावशी, काय आहे?" ती म्हणाली, "काय नाय." त्यानं झाकण उघडलं, वास घेतला, "खरवस," म्हणाला, झाकण लावलं आणि डबा दोन्ही हातांनी परत दिला. आत्या म्हणते, नाव त्यानं घेतलं, मी नाय घेतलं. विमानात शेजारी एक गुजराती बाई होत्या, त्यांनी हिचं कार्ड भरलं. "दूध, दही, घी, कुछ है?" त्यांनी विचारलं. आत्यानं मान हलवली आणि म्हणाली, "काय नाय." त्या भल्या बाईंनी सगळ्या चौकटींत नाही लिहिलं.

मला फोन आला तेव्हा पलीकडे एक अधिकारी बाई होत्या. आवाज शांत होता, त्यामुळे मी जास्त घाबरलो. माझं इंग्रजी भटारखान्यातलं. गरम आहे, मागून येतोय, संपलं, दोन प्लेट वाढव, एवढ्यावर सहा वर्षं निघाली. बाई म्हणाल्या की तुमच्या आत्यांच्या पिशवीत एक डबा आहे, यंत्रात त्यात काहीतरी दिसतंय, त्या आत काही नाही म्हणतात आणि डबा सोडत नाहीत. आम्ही उघडण्याआधी त्यांना सांगायची एक संधी द्यायची आहे, तुम्ही बोलता का. मी हो म्हटलं. त्यांनी फोन आत्याच्या समोर धरला.

"आत्या, डब्यात काय हाय?"

"काय नाय."

"आत्या, मी हाय. बाबू."

"कळतंय तू हायस ते. तू पण वाटेत विचारतोस होय रे? तुला शिकवलंय ना?"

"आत्या, त्या बाईंना सांगावंच लागेल. नाय सांगितलं तर तुला इथूनच परत पाठवतील. मला बघता पण येणार नाय."

मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मंग चंद्रीनं काय करायचं? तिचं वासरू दोन दिवसाचं हाय."

जाकिटाची चेन मी वर-खाली करत होतो. काचेच्या दारातून माणसं बाहेर येत होती, आपापल्या माणसांना मिठ्या मारत होती, आणि दार पुन्हा बंद होत होतं. ते दार बघताना मला सुचलं.

"आत्या, तू उभी हायस तोच उंबरठा हाय."

"कुणाचा?"

"या देशाचा. त्या बाई तिथं त्यासाठीच बसल्यात. त्यांनी आत घेतलं की मग माझ्या घरापर्यंत कुणी अडवत नाय."

"आणि तुझा उंबरठा?"

"माझं घर भाड्याचं हाय, आत्या. ब्लॉकला उंबरठाच नाय, नुसतं दार हाय."

हे मी तिला सहा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. तिनं त्यावर विचार केला. फोनमधून मला ट्रॉल्यांचा आवाज येत होता. मग ती माझ्याशी नाही, समोरच्या बाईंशी बोलली, स्वच्छ आणि मोठ्यानं, वाडीत दारात उभं राहून बोलतात तसं. "बाई, खरवस हाय. चंद्रीच्या पयल्या चिकाचा. ह्याचा वाटा हाय. घ्या, बघा." आणि झाकण काढल्याचा आवाज आला.

मी बाईंना सांगितलं की ते दूध आहे, गाईला बाळ झाल्यावरचं पहिलं. गाईचं नाव चंद्री. माझी आत्या आता सगळं खरं सांगत आहे. गाईचं नाव सांगायची गरज नव्हती, पण घाबरलो की मी जास्त सांगतो. बाईंनी विचारलं, आणखी काही दुधाचं आहे का? मी आत्याला विचारलं, आणि तिथं माझी चूक झाली. उंबरठ्यावर अर्धं सांगायचं आणि अर्धं ठेवायचं हे आत्याला येत नाही. तिनं आधी साडीच्या घडीतून तुपाची बाटली काढली. मग विमानात चहाबरोबर मिळालेल्या दुधाच्या चार इवल्याशा डब्या काढल्या, त्यांच्याबद्दल तिचं मत होतं की एवढं दूध डोळ्यात घालतात. मग तिनं एक पांढरा रुमाल काढून टेबलावर ठेवला. बाईंनी मला विचारलं, हा रुमाल का दिला? मी सांगितलं, ते दही आहे. बाई म्हणाल्या, पुन्हा सांगा. मी सांगितलं की आमच्याकडे लांब जाताना रुमाल दह्यात बुडवून वाळवतात. तो पुढं कोमट दुधात टाकला की दही लागतं. हे विरजण आत्याच्या सासूपासूनचं आहे. बाईंनी खूप वेळानं विचारलं की आत्यांनी अंगावर नेसलेली साडी फक्त साडीच आहे ना. मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, "पदराला कालचं तूप पुसलंय थोडं. सांग तिला."

मी सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं की नाही, माहीत नाही.

त्यांनी आत्याला परत पाठवलं नाही. झाकण काढण्याआधी तिनं स्वतःहून सांगितलं म्हणून समज देऊन सोडलं. वस्तू मात्र सगळ्या घेतल्या. आत्यानं फोनवर मला विचारलं, "ह्याचं काय करणार ती?" या देशात अशा वस्तू जाळून टाकतात, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "बाईंनी वाटा ठेवून घेतलाय." "बरं झालं," आत्या म्हणाली, "तिच्या घरी पोरं असतील." आणि मग, "डबा रिकामा देऊ नको म्हण तिला." हे मी कसंबसं इंग्रजीत सांगितलं. ही आमची रीत आहे, काहीही चालेल, म्हटलं. बाईंच्या टेबलावर दुसरं काही नव्हतं. त्यांनी या देशात काय काय आणू नये त्याची चित्रं असलेला एक कागद घेतला, नीट चौकोनी घडी घातली, डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि आत्याला दिला. निघताना आत्यानं मागं वळून पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी बाहेर होतो.

दारातून आली तेव्हा ती मला फोनमध्ये दिसायची त्यापेक्षा बरीच लहान होती. जाकीट तिला गुडघ्यापर्यंत आलं. मी पाया पडलो, तर तिनं आधी डबा माझ्या हातात दिला. "मोकळा नाय," म्हणाली. घरी आल्यावर तो कागद तिनं देवाजवळ ठेवायला लावला. त्यावर गाय, अंडं, सफरचंद आणि कसलंसं कणीस यांच्यावर लाल फुल्या आहेत. ती रोज सकाळी त्या चित्रांना हळद-कुंकू लावायची, गाईला लावताना मात्र तिच्यावरची फुली चुकवून.

तीन आठवडे ती माझ्याकडे होती. दुकानात दुधाचं कपाट बघून तिनं विचारलं, "ही कुठल्या गावची? आणि गाईचं नाव का लिहीत नायत?" मी म्हटलं, खूप गाई असतात, आत्या. ती म्हणाली, "वाडीत पण खूप माणसं हायत." दुकानातल्या दह्याचं विरजण तिनं लावून पाहिलं. दही लागलं, पण तिला पटलं नाही. माझ्या हॉटेलात येऊन तिनं मी दूध कसं आटवतो ते उभं राहून बघितलं आणि मालकाला मराठीत सांगितलं, "मी तेव्हाच म्हटलं होतं." मालक पंजाबी आहे, त्यानं तिला नमस्कार केला. रोज संध्याकाळी ती शेजारच्या काकूंना फोन लावायची आणि एकच विचारायची, "चंद्री देते ना?" काकू म्हणायच्या, देते, देते. फोन ठेवल्यावर आत्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून बसायची. मला वाटायचं थंडी आहे.

ती कापड्याला परत गेली त्याला आता वर्ष होईल. दर रविवारी मी फोन करतो. चंद्री कशी आहे विचारलं की आत्या म्हणते, "भरपूर देते रे, कुणाला देऊ आणि कुणाला नको." मध्यंतरी काकूंनी फोन घेतला, आत्या बाहेर होती. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या की आत्या इकडं असतानाच चंद्री आटली, परकं माणूस धार काढायला बसलं की व्हायचंच. तेव्हापासून तुझी आत्या सकाळी रस्त्यावरच्या दुकानातून पिशवीतलं दूध आणते. मी विचारलं, तिला चालतं? काकू म्हणाल्या, "पिशवी पदराखाली झाकून आणते. विचारलं तर म्हणते, काय नाय."

पुढच्या रविवारी मी विचारलं, "आत्या, चंद्री?" ती म्हणाली, "भरपूर." मी म्हटलं, बरं. मीही अजून तिला खरवसाचं काय झालं ते सांगितलेलं नाही.

माझे कायमचे कागद झाले. तिकीट काढलंय, दिवाळीनंतरचं. तिचा डबा मी रोज पुसतो. तो रिकामा न्यायचा नाही, आणि त्यात काय घालायचं ते माझं ठरलं आहे. पण कापड्याचा उंबरठा अजून लांब आहे, म्हणून इथं लिहीत नाही.